सिमेंटची भट्टी का तुंबते? दोनशे वर्षांच्या एका दुखण्याचा इतिहास

चुनखडक आणि चिकणमाती यांची बारीक पूड सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की तिचे क्लिंकर होते. हे क्लिंकर जिप्समबरोबर दळले की सिमेंट तयार होते. मात्र भट्टीत चुना, सिलिका, ॲल्युमिना आणि लोह एवढेच जात नाही. मातीतून पोटॅशियम व सोडियम (यांना अल्कली म्हणतात), इंधनातून गंधक आणि दोन्हींतून थोडे क्लोरीन आत शिरते. प्रमाण किरकोळ असते, पण भट्टीच्या सर्वांत तप्त भागात या द्रव्यांची वाफ होते. वायूंबरोबर ती मागच्या, कमी तापलेल्या भागाकडे जाते आणि तेथे येणाऱ्या पुडीवर व भिंतींवर गोठते. पुडीबरोबर ती पुन्हा तप्त भागात येते आणि पुन्हा वाफ होऊन मागे फिरते. अशा फेऱ्या होत राहिल्या की आत येणाऱ्या मालात जे क्षार नगण्य होते, ते भट्टीच्या तोंडाशी कित्येक पट साचतात. पूड चिकट होते, भिंतींवर थर चढतात, वाट अरुंद होते आणि शेवटी कारखाना थांबवावा लागतो.

कारखान्यांत या प्रकारांना बिल्डअप, रिंग, जॅम अशी नावे आहेत. सिमेंट उद्योगाचा इतिहास सहसा अधिक उत्पादन आणि कमी इंधन यांच्या आकड्यांत सांगितला जातो. भट्टी तुंबण्याचा इतिहास त्याच गोष्टीची दुसरी बाजू आहे. इंधन वाचवण्यासाठी भट्टीत जी सुधारणा झाली, तिने बाहेर वाया जाणारी उष्णता अडवली आणि त्या उष्णतेबरोबर बाहेर पडणारे क्षारही अडवले. त्यामुळे काटकसरीच्या प्रत्येक पायरीवर या क्षारांसाठी नवी वाट शोधावी लागली.

उभ्या भट्ट्यांचा काळ

लीड्स येथील गवंडी जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. त्या काळच्या भट्ट्या बाटलीच्या आकाराच्या, उभ्या आणि विटांच्या असत. कच्च्या मालाची वाळलेली ढेकळे आणि कोक यांचे एकाआड एक थर रचून भट्टी भरायची, खालून पेटवायची, काही दिवस जळू द्यायची, थंड झाल्यावर हाताने रिकामी करायची आणि पुन्हा भरायची, असे काम चाले. १८४० च्या दशकात आयझॅक चार्ल्स जॉन्सन याने पाहिले की जास्त भाजून काचेसारखी झालेली जी ढेकळे टाकाऊ समजली जात, तीच दळली तर सर्वांत मजबूत सिमेंट मिळते. तेव्हापासून भट्टीतला माल अंशतः वितळेपर्यंत तापवणे हाच सिमेंट उद्योगाचा पाया ठरला. माल वितळू लागला की तो चिकटणारच, त्यामुळे थर बसण्याचा प्रश्नही त्याच वेळी उद्योगात आला.

या भट्ट्यांत क्षारांचा प्रश्न मात्र नव्हता. त्यांचे तोंड वर उघडे होते. अल्कली आणि गंधक यांची वाफ धुरासोबत सरळ आकाशात जाई आणि दर खेपेला भट्टी रिकामी होत असल्याने काही साचून राहत नसे. त्याची किंमत इंधनात मोजावी लागे. जर्मनीत फ्रीडरिश होफमान याने १८५८ साली वर्तुळाकार भट्टीचे पेटंट घेतले. तिच्यात एका दालनातील तापलेली हवा पुढच्या दालनाला मिळे. पुढे सलग चालणाऱ्या उभ्या भट्ट्या आल्या. त्यांच्यापैकी डीट्श पद्धतीच्या भट्टीत वर माल तापे आणि खाली भाजला जाई. या दोन भागांच्या मधल्या आडव्या जागेतून तापलेला माल कामगारांना लांब सळ्यांनी ओढून खाली ढकलावा लागे. सलग चालणाऱ्या उभ्या भट्ट्यांत अर्धवट वितळलेला माल भिंतीला धरून लटके आणि खालचा माल सरकला तरी वरचा जागचा हलत नसे. लोखंडी सळई घेऊन भट्टीशी झुंजणारा कामगार या उद्योगात तेव्हापासून आहे.

फिरती भट्टी आणि तिच्यातील कडी

तिरप्या बसवलेल्या, आडव्या, फिरत्या नळकांड्यात सिमेंट भाजण्याची कल्पना टॉमस रसेल क्रॅम्प्टन याने १८७७ साली आणि फ्रेडरिक रॅन्सम याने १८८५ साली पेटंटच्या रूपाने मांडली. इंग्लंडमधील सुरुवातीचे प्रयोग नीट जमले नाहीत. अमेरिकेत ही भट्टी रुजली. ॲटलस कंपनीत हरी आणि सीमन यांनी १८९० च्या दशकात कोळशाची पूड फुंकून ज्योत पेटवण्याची पद्धत यशस्वी केली आणि फिरती भट्टी स्वस्तात चालू लागली. त्या वेळी अशा भट्ट्यांची लांबी साधारण ६० फूट असे. टॉमस एडिसनने न्यू जर्सीतील आपल्या कारखान्यासाठी १५० फूट लांबीची भट्टी बांधली. भट्टी लांब केली की वायू अधिक उष्णता मालाला देतात आणि इंधन वाचते, हे हळूहळू सर्वांना पटले. लांबी वाढत गेली. १९६० च्या दशकात मिसूरी राज्यातील क्लार्क्सव्हिल येथे ७६० फूट लांबीची भट्टी उभी राहिली.

फिरत्या भट्टीत थर बसणे सर्वस्वी वाईट नसते. सर्वांत तप्त भागात आतील विटांवर क्लिंकरचाच एक थर चढतो. त्याला कोटिंग म्हणतात. हा थर विटांना उष्णतेपासून आणि घर्षणापासून वाचवतो. तो टिकला नाही तर वीट झिजते, बाहेरचे पोलादी कवच तापून लाल होते आणि भट्टी थांबवावी लागते. म्हणून भट्टी चालवणाऱ्याला कोटिंग हवे असते. फक्त त्याने आपली जागा आणि जाडी सोडता कामा नये.

जागा सोडली की कडे तयार होते. माल तापत जाताना सुमारे १३०० अंशांच्या पुढेमागे त्याचा काही भाग द्रव होतो. पूर्ण भाजताना हा द्रव साधारण पाव भाग असतो. जेथे द्रव नुकताच सुटू लागतो, तेथे माल भिंतीला लवकर चिकटतो. ज्योतीची लांबी किंवा मालाचा मेळ वरचेवर बदलत राहिला तर ही सीमा पुढेमागे सरकते. मग तप्त भागाच्या मागे भिंतीवर चहूबाजूंनी कडे वाढते. कोळशाची राख जेथे मालावर पडते, तेथे मालात सिलिका आणि ॲल्युमिना वाढून द्रव लवकर सुटतो. हे राखेचे कडे. मागच्या थंड टोकाकडे क्षारांची वाफ गोठून गंधकयुक्त कडी होतात. ओल्या पद्धतीच्या भट्टीत, म्हणजे माल पाण्यात कालवून स्लरीच्या रूपात सोडतात तेथे, स्लरी वाळवण्यासाठी आत टांगलेल्या साखळ्यांच्या भागात चिखलाचीही कडी होतात.

कडे वाढले की ते धरणाचे काम करते. त्याच्या मागे माल साचतो, वायूंची वाट आवळली जाते आणि ज्योत आखूड होते. मग कडे एकाएकी फुटले तर साचलेला कच्चा माल लोंढ्याने तप्त भागात येतो आणि क्लिंकर बिघडते. यावर भट्टी न थांबवता करायचा एक उपाय अमेरिकेत निघाला. भट्टीच्या तोंडाशी चौकटीवर ८ गेजची बंदूक बसवून कड्यावर गोळ्या झाडायच्या. विंचेस्टरसारख्या कंपन्यांनी खास याच कामासाठी बंदुका बनवल्या आणि त्या अजूनही वापरात आहेत. कड्याच्या एकाच रेषेत लागोपाठ गोळ्या मारून त्यात खाच पाडतात. खाच पुरेशी खोल झाली की भट्टीच्या फिरण्याने कडे स्वतःच्या वजनाने तुटते.

कडे फोडण्यापेक्षा ते होऊ न देणे शहाणपणाचे, हे रसायनज्ञांनी दोन महायुद्धांच्या मधल्या काळात दाखवले. जर्मनीत हान्स क्यूल याने कच्च्या मालातील घटकांची गुणोत्तरे ठरवून दिली. इंग्लंडमध्ये ली आणि पार्कर यांनी १९३० च्या दशकात चुन्याच्या कमाल प्रमाणाचे सूत्र मांडले. सिलिकाचे ॲल्युमिना व लोह यांच्याशी गुणोत्तर किती आणि ॲल्युमिनाचे लोहाशी किती, यावरून भट्टीत द्रव किती सुटेल आणि तो किती घट्ट असेल, हे आधीच सांगता येऊ लागले. खाणीतून येणारा माल एकसारखा मिसळून घेणे आणि त्याची तपासणी करणे हे काम तेव्हापासून भट्टीच्या आरोग्याचा भाग झाले.

संत्र्याच्या बागा आणि पोटॅश

भट्टीतून उडून जाणाऱ्या क्षारांकडे उद्योगाचे लक्ष पहिल्यांदा वेधले ते एका वादाने. कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथील सिमेंट कारखान्याची धूळ भोवतालच्या संत्र्यांच्या बागांवर बसत असे. बागाईतदारांनी न्यायालयात धाव घेतली. त्याच सुमारास बर्कली येथील रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक कॉट्रेल याने उच्च दाबाच्या विजेने धुरातील कण वेगळे करणारे यंत्र तयार केले होते. ते रिव्हरसाइडला बसवण्यात आले आणि धूळ गोळा होऊ लागली.

या धुळीत पोटॅशियमचे क्षार भरपूर होते. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि जर्मनीहून येणारे पोटॅश बंद पडले. जगातील शेतीला लागणारे पोटॅश तेव्हा मुख्यतः जर्मन खाणींतूनच येत असे. अमेरिकेत भाव कडाडले. रिव्हरसाइडसह काही सिमेंट कारखान्यांनी भट्टीच्या धुळीतून पोटॅश काढून विकायला सुरुवात केली. युद्ध संपल्यावर जर्मन माल परत आला आणि हा धंदा ओसरला. तरी एक गोष्ट कायमची सिद्ध झाली. भट्टीत गेलेल्या पोटॅशियमचा मोठा वाटा वाफ होऊन बाहेर पडतो आणि बारीक धुळीवर बसतो. ती धूळ पुन्हा भट्टीत घातली तर पोटॅशियमही परत आत जाते.

१९४० साली याला वेगळे महत्त्व आले. कॅलिफोर्निया राज्याच्या महामार्ग विभागातील टॉमस स्टँटन याने दाखवले की सिमेंटमधील अल्कली आणि काही प्रकारची खडी यांची काँक्रीटमध्ये अभिक्रिया होते आणि काँक्रीट फुगून तडकते. त्यानंतर सोडियम ऑक्साइडच्या हिशोबाने ०.६ टक्क्यांपेक्षा कमी अल्कली असलेले सिमेंट मागितले जाऊ लागले. आता कारखान्यांपुढे दोन मागण्या उभ्या राहिल्या. सिमेंटमध्ये अल्कली नको, म्हणजे ते भट्टीतून वाफेच्या रूपाने जावे. आणि इंधन वाचावे, म्हणजे वायू बाहेर पडण्याआधी त्यांची उष्णता कच्च्या मालाला द्यावी. या दोन्ही मागण्यांचा मेळ बसणे कठीण होते, कारण उष्णता घेणारा थंड कच्चा माल वाफही धरून ठेवतो.

प्रीहीटर: काटकसर आणि कोंडी

कोपनहेगनच्या एफ. एल. स्मिथ कंपनीतील फोगेल-यॉर्गेन्सन याने १९३२ साली चेकोस्लोव्हाकियात एका योजनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. कच्च्या मालाची कोरडी पूड वरून सोडायची आणि भट्टीतून येणाऱ्या गरम वायूत ती उडत्या अवस्थेतच तापवायची. वायू आणि पूड वेगळी करण्यासाठी एकाखाली एक अशी सायक्लोनची उतरंड लावायची. पूड बारीक असल्याने प्रत्येक पायरीवर ती क्षणार्धात वायूची उष्णता घेते. ही कल्पना प्रत्यक्षात आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. इंधनाची टंचाई सोसणाऱ्या पश्चिम जर्मनीत हुम्बोल्ट कंपनीने फ्रान्झ म्युलर याच्या मार्गदर्शनाखाली १९५० च्या दशकाच्या आरंभी असा प्रीहीटर उभा केला. ओल्या पद्धतीत एक किलो क्लिंकरला १३०० किलोकॅलरी किंवा त्याहून अधिक उष्णता लागे. चार पायऱ्यांच्या प्रीहीटरने हा आकडा साधारण ८०० वर आणला.

मात्र या मनोऱ्यात क्षारांची वाट बंद झाली. भट्टीच्या तोंडाशी वायूंचे तापमान १००० ते ११०० अंश असते, तर प्रीहीटरच्या माथ्यावर ते ३५० अंशांच्या आसपास उतरते. पोटॅशियम क्लोराइड सुमारे ७७० अंशांना, सोडियम क्लोराइड ८०१ अंशांना आणि सोडियम सल्फेट ८८४ अंशांना वितळते. म्हणजे वाफ गोठून वितळलेल्या चिकट अवस्थेत येण्याचे तापमान नेमके खालच्या सायक्लोनमध्ये आणि भट्टीला प्रीहीटरशी जोडणाऱ्या उभ्या नळीत, म्हणजे राइजर डक्टमध्ये, मिळते. सल्फेट आणि क्लोराइड एकत्र आले की त्यांचा द्रवणांक आणखी खाली येतो. सायक्लोनच्या तळाशी निमुळत्या भागात आणि खालच्या पाइपात हा ओलसर झालेला माल अडकू लागला.

अशा थराचा तुकडा फोडून पाहिला की कारण दिसते. बाहेरचा, वायूकडचा थर भुसभुशीत असतो आणि बोटाने चोळला तर पूड सुटते. आतला, भिंतीकडचा थर विटेसारखा कठीण असतो आणि फोडल्यावर त्यात एकावर एक बसलेले पापुद्रे दिसतात. सुरुवातीला क्षारांचा द्रव कणांना चिकटवतो. पुढे वायूतील कार्बन डायऑक्साइड आणि गंधक यांच्याशी संयोग होऊन त्यात स्पराइट आणि सल्फोस्पराइट ही खनिजे वाढतात. त्यांचे सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंततात आणि मऊ लेप दगड बनतो. म्हणून नुकताच बसलेला थर सळईने सहज पडतो, तर काही दिवस राहिलेला थर घण घालूनही हलत नाही. दर पाळीला वेळेवर सफाई करण्याचा नियम यातूनच आला.

१९६० च्या दशकात ड्युसेलडॉर्फ येथील जर्मन सिमेंट संशोधन संस्थेने या फेऱ्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. पाउल वेबर याने भट्टीतील उष्णतेची देवाणघेवाण आणि क्षारांची चक्रे यांचा संबंध मांडला, तर झीगबेर्ट श्प्रुंग याने गंधकाचे वर्तन तपासले. या अभ्यासांतून आणि पुढील अनुभवातून काही नियम पक्के झाले. क्लोरीन जवळजवळ सगळे वाफ होते आणि क्लिंकरमधून फारच थोडे बाहेर जाते. त्यामुळे कच्च्या मालात ते ०.०२ टक्क्यांच्या वर गेले तरी धोका सुरू होतो. गंधकाचे तसे नाही. त्याला पुरेसे पोटॅशियम व सोडियम मिळाले तर त्यांचे सल्फेट होते आणि त्याचा बराच भाग क्लिंकरबरोबर सुखरूप बाहेर जातो. अल्कलीपेक्षा गंधक जास्त झाले तर उरलेले गंधक चुन्याशी जोडले जाते. हे कॅल्शियम सल्फेट तप्त भागात फुटते आणि गंधक पुन्हा वायू होऊन मागे जाते. म्हणून अल्कली आणि गंधक यांचे रेणूंच्या हिशोबाने प्रमाण एकास एकच्या जवळपास ठेवावे, हा सिमेंट रसायनाचा मूलभूत दंडक झाला.

ज्योतही तितकीच महत्त्वाची ठरली. भट्टीत ऑक्सिजन कमी पडला, किंवा जळते इंधन मालावर पडून तेथे धुमसले, तर कॅल्शियम सल्फेट कितीतरी कमी तापमानाला फुटते आणि गंधकाची फेरी वाढते. माल भाजायला कठीण असला, त्यात क्वार्ट्‌झचे भरड कण असले, तर जास्त तापवावे लागते आणि वाफही जास्त सुटते. यामुळे दळण बारीक ठेवणे, बर्नर नीट रोखणे आणि भट्टीच्या तोंडाशी ऑक्सिजन मोजत राहणे हे थर टाळण्याचेच उपाय झाले.

ज्यांचा माल मुळातच क्षारयुक्त होता त्यांच्यासाठी बायपास आला. भट्टीच्या तोंडाशी, जेथे वायूत क्षारांची वाफ सर्वांत दाट असते, तेथून वायूचा काही भाग बाजूला काढायचा आणि त्यात थंड हवा मिसळून तो झटकन थंड करायचा. क्षार धुळीवर गोठतात आणि ती धूळ गाळणीत धरून वेगळी काढतात. क्लोरीनसाठी वायूचा थोडा भाग काढला तरी पुरते. अल्कली कमी करायची तर जास्त काढावा लागतो. बायपासमधून जाणारी उष्णता आणि अर्धवट भाजलेला माल हे नुकसानच असते. तरी वारंवार थांबणाऱ्या भट्टीपेक्षा हे नुकसान परवडते.

पुढची पायरी प्रीकॅल्सिनरची. जर्मनीतील डॉटरनहाउझन येथे १९६० च्या दशकात प्रीहीटरमध्येच तेलयुक्त शेल जाळण्याचा प्रयोग झाला आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी जपानी कंपन्यांनी त्याला स्वतंत्र भट्टीचे रूप दिले. चुनखडकातील कार्बन डायऑक्साइड घालवण्याचे काम येथे फिरत्या भट्टीच्या आधीच होते. एकूण इंधनापैकी सुमारे ६० टक्के कॅल्सिनरमध्ये आणि ४० टक्के भट्टीत जळते. त्यामुळे भट्टी आखूड झाली आणि तिचे उत्पादन वाढले. भट्टीतून येणारा वायू कमी झाल्याने त्यातील क्षारांची वाफ मात्र आणखी दाट झाली. राइजर डक्ट आणि सर्वांत खालचा सायक्लोन हे थराचे नेहमीचे ठिकाण बनले. त्यातून एक फायदाही झाला: वाफ दाट असल्याने थोड्या वायूच्या बायपासने जास्त क्षार काढता येऊ लागले.

सळई, हवा आणि पाणी

भट्टीच्या पुढच्या टोकाला बंदूक होती, तर मागच्या टोकाला सळई. सफाईच्या झरोक्यातून लांब लोखंडी पाइप घालून, त्यातून दाबाची हवा सोडून थर पाडणे याला पोकिंग म्हणतात. कोळशाच्या खाणींसाठी बनवलेली कार्डॉक्सची कार्बन डायऑक्साइड भरलेली नळी थरात खुपसून उडवण्याची पद्धतही सिमेंटमध्ये आली. १९७० च्या दशकापासून एअर ब्लास्टर पसरले. टाकीत साठवलेली दाबाची हवा एका क्षणात सोडून ते थर कठीण होण्याआधीच हलवतात. ते ठरावीक अंतराने आपोआप चालतात, त्यामुळे कामगाराला झरोका कमी वेळा उघडावा लागतो. सिलिकॉन कार्बाइड असलेल्या विटा व ओतीव अस्तरांवर थर घट्ट धरत नाही, म्हणून त्यांचा वापर वाढला. सायक्लोनच्या तळाचा दाब सतत मोजणे किंवा किरणोत्सारी स्रोताने आतला माल पाहणे, यांमुळे तुंबण्याची चाहूल काही सेकंदांत लागते.

ही काही सेकंदे मोलाची असतात. दिवसाला ३००० टन क्लिंकर देणाऱ्या, एकाच उतरंडीच्या भट्टीत खालच्या सायक्लोनमधून दर मिनिटाला दोन टनांहून अधिक माल उतरतो. दहा मिनिटे लक्ष गेले नाही तर वीस टनांहून अधिक, ८५० अंशांच्या आसपास तापलेली पूड वर साचते. ती मोकळी करताना अचानक सुटली तर पाण्यासारखी वाहते आणि झरोक्यातून, दारातून, जेथे फट मिळेल तेथून बाहेर येते. ती भाजते आणि तिच्यातील कळीचा चुना ओल्या त्वचेवर आणखी जखम करतो. जास्त दाबाच्या पाण्याने थर कापतानाही बंद जागेत वाफेचा धोका असतो. सिमेंट उद्योगातील सर्वांत भीषण अपघातांत गरम पुडीने भाजण्याच्या अपघातांचा समावेश होतो. म्हणून चांगल्या कारखान्यात पोकिंग ठरलेल्या क्रमाने होते, एका वेळी एकच झरोका उघडतो, भट्टीतील ओढ चालू ठेवतात, खालचे मजले आणि क्लिंकर थंड करणाऱ्या कूलरजवळची जागा रिकामी करतात आणि पूर्ण पोशाखाशिवाय कोणालाही वर सोडत नाहीत. हे नियम जीव गमावून शिकलेले आहेत.

भारतातील वाटचाल

भारतात सिमेंटचे यशस्वी उत्पादन १९१४ साली पोरबंदर येथे सुरू झाले. त्यापाठोपाठ कटनी आणि लाखेरी येथे कारखाने निघाले. १९३६ साली अनेक कंपन्या एकत्र येऊन मुंबईत एसीसी स्थापन झाली. दीर्घकाळ येथील बहुतेक भट्ट्या ओल्या पद्धतीच्या होत्या आणि त्यांचे दुखणे मुख्यतः कड्यांचे होते. भारतीय कोळशात ३० ते ४० टक्के राख असते. ही सगळी राख भट्टीतच मालात मिसळते. ती एकसारखी न पसरता एका जागी पडली की कडे ठरलेलेच. कच्च्या मालाचा मेळ राखेचा हिशोब धरून ठरवणे आणि कोळसा बारीक दळणे या गोष्टी भारतीय कारखान्यांनी गरजेतून आत्मसात केल्या.

१९८२ साली सिमेंटवरील नियंत्रण अंशतः उठले आणि १९८९ साली पूर्ण उठले. याच दशकात कोरड्या पद्धतीचे, प्रीकॅल्सिनरचे मोठे कारखाने झपाट्याने उभे राहिले. चंद्रपूर जिल्ह्यातील आवारपूर आणि गडचांदूर येथील कारखाने या लाटेतले. चुनखडक आणि वर्धा खोऱ्यातील कोळसा दोन्ही जवळ असल्याने विदर्भाचा हा कोपरा महाराष्ट्राच्या सिमेंटचे केंद्र बनला. भारतीय कोळशात गंधक सहसा एक टक्क्याहून कमी असते, त्यामुळे सुरुवातीला प्रीहीटर तुंबण्याचा त्रास आटोक्यात राहिला.

पेटकोकने, म्हणजे खनिज तेल शुद्ध करताना उरणाऱ्या घन इंधनाने, हे चित्र बदलले. जामनगरसारख्या मोठ्या तेलशुद्धीकरण कारखान्यांतून आणि आयातीतून तो स्वस्तात मिळू लागला. त्यात राख नगण्य आणि उष्णता भरपूर, पण गंधक पाच ते सात टक्क्यांपर्यंत असू शकते. अल्कली तेवढीच आणि गंधक कितीतरी अधिक, असा असमतोल झाला. शिवाय पेटकोक सावकाश जळतो. बारीक दळला नाही तर तो मालात पडून धुमसतो आणि गंधकाची फेरी आणखी वाढते. प्रदूषणामुळे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये हरियाणा, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात पेटकोकच्या वापरावर बंदी घातली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सिमेंट उद्योगाला सवलत दिली. भट्टीतील चुना गंधक शोषून घेतो, हा उद्योगाचा मुख्य मुद्दा होता. तो खराही आहे. पण चुन्याने धरलेले हेच गंधक राइजरच्या भिंतीवर दगड होऊन बसते. धुराड्यातून न गेलेल्या गंधकाला क्लिंकरमधून जाण्याची वाट करून द्यावी लागते.

कचरा आणि क्लोरीन

युरोपात १९७० च्या दशकातील तेलटंचाईनंतर टायर आणि पुढे शहरी कचरा भट्टीत जाळला जाऊ लागला. भारतात घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार कचऱ्यापासून इंधन बनवणाऱ्या केंद्राच्या १०० किलोमीटर परिसरातील, इंधन वापरणाऱ्या उद्योगांनी किमान ५ टक्के इंधन या स्वरूपात घ्यावे, अशी तरतूद झाली. गोव्यातील साळगाव येथील प्रकल्पातून पुनर्वापर न होणारा कचरा कर्नाटकातील सिमेंट कारखान्यांना जातो. भट्टीचे तापमान आणि तिच्यातील चुना यांमुळे कचरा येथे पूर्ण जळतो आणि राख क्लिंकरमध्ये सामावते. कचऱ्याच्या डोंगरांनी वेढलेल्या शहरांसाठी ही मोठी सोय आहे.

पण कचऱ्याबरोबर क्लोरीन येते. पीव्हीसी प्लॅस्टिकच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग क्लोरीनचा असतो आणि स्वयंपाकघरातील उष्ट्याखरकट्यात मीठ असते. कोळशावर चालताना ज्या भट्टीला बायपासची गरज नव्हती, तिला कचऱ्याचे प्रमाण वाढवताना ती पडते. बायपासमधून निघालेल्या क्लोराइडयुक्त धुळीचे काय करायचे, हा पुढचा प्रश्न. ती थोड्या प्रमाणात सिमेंटमध्ये मिसळता येते, पण पोलादी सळ्या गंजू नयेत म्हणून सिमेंटमधील क्लोराइडवर मर्यादा आहे. जपानमध्ये ती धुऊन क्षार वेगळे काढण्याच्या पद्धती वापरात आहेत.

बंदूक, एअर ब्लास्टर आणि पाण्याचा झोत हे थर काढतात, पण थर बसण्याचे कारण काढत नाहीत. ते कारण खाणीच्या दरडीवर, इंधनाच्या खेपेत आणि बर्नरच्या ज्योतीत असते. ज्या कारखान्यात खालच्या सायक्लोनमधील गरम पुडीचे क्लोरीन आणि गंधक दर पाळीला मोजले जाते आणि ते वाढताच इंधनाचा मेळ किंवा बायपास बदलला जातो, तेथे सळई क्वचितच लागते. कचरा इंधन म्हणून वापरण्याचे प्रमाण वाढवू पाहणाऱ्या प्रत्येक कारखान्याने आधी बायपास आणि प्रयोगशाळा यांवर खर्च केला पाहिजे, कारण तो खर्च टाळला तर त्याची भरपाई शेवटी झरोक्यासमोर उभ्या असलेल्या कामगाराला करावी लागते.